डिसोझांच्या मूळ नदीकाठी

वसईत वाढलेल्याला डिसोझा आडनावाचं काय नवल! शाळेच्या हजेरीत, मासळीबाजारात, बँकेच्या रांगेत ते रोजच कानावर पडतं. पण त्यातलं 'सोझा' हे मुळात एका नदीचं नाव, आणि ती उत्तर पोर्तुगालमध्ये आजही वाहते, हे कळल्यापासून तिथे जायची ओढ लागली होती.

पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकात निळ्या-पांढऱ्या टाइल्सवरची भव्य चित्रं आहेत. एका चित्रात बाराव्या शतकातला पोर्तुगीज सरदार एगास मोनीझ बायकामुलांसह लिओनच्या राजापुढे उभा आहे. आपल्या तरुण मालकाच्या वतीने दिलेला शब्द मोडला गेला, म्हणून स्वतःचा जीव द्यायला आलाय. ते बघून दोरु मार्गाची गाडी धरली, सेतेला उतरले आणि तिथून टॅक्सीने पासु द सोझा हे गाव गाठलं. तिथल्या बेनेडिक्टाइन मठात याच एगासची दगडी कबर आहे. तिच्यावर त्या राजाला भेटायला तोलेदोकडे निघालेले घोडेस्वार कोरलेत. बाराव्या शतकातल्या त्या ओबडधोबड घोड्यांपुढून माझा पाय निघेना.

एगास मात्र सोझा नव्हे. सोझा घराण्याचा मठ वर उगमाकडे, फेल्गेरासजवळ पोंबेइरूला. अकराव्या शतकापासून हे सरदार नदीखोऱ्यातल्या आपल्या जमिनीवरून ओळखले जाऊ लागले. तेराव्या शतकात मुख्य शाखेचा पुरुषवंश खुंटला आणि घराण्यातल्या मुलींमुळे ते नाव पोर्तुगालचा राजा अफोंसू तिसऱ्याच्या अनौरस मुलांच्या वंशात गेलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आडनाव बापाकडूनच येतं असं आपण धरून चालतो, इथे ते टिकलं लेकींमुळे.

पुढे ते जहाजांवर चढलं. मार्तिम अफोंसू द सोझाने १५३२मध्ये ब्राझीलमध्ये साओ विसेंती वसवलं आणि १५४२मध्ये तो गव्हर्नर म्हणून गोव्यात आला. फ्रान्सिस झेवियर त्याच्याच ताफ्यातून आले. तोमे द सोझा १५४९मध्ये ब्राझीलचा पहिला गव्हर्नर जनरल झाला.

पण आपल्याकडचे बहुतेक डिसोझा या सरदारांचे वंशज नव्हेत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे, आणि गावातली माणसं त्या नावाने ओळखली जात. ब्राझीलमध्ये गुलामांनाही मालकांची नावं चिकटली. त्या नावामागे किती जणांची स्वखुशी होती, हा प्रश्न त्या मठात उभी असताना मनातून जात नव्हता. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. डिसोझा राहिले, घरात वाडवळी आणि सामवेदी बोलत.

नदी म्हणाल तर आपल्या वैतरणेपुढे ओढाच. काठाने मक्याची शेतं, द्राक्षांचे मांडव. पुढे ती दोरु नदीला मिळते. मठाजवळच्या दफनभूमीत सोझा नावाच्या कितीतरी पाट्या दिसल्या, सगळ्या 'एस'ने लिहिलेल्या. १९११च्या लेखनसुधारणेनंतर पोर्तुगालमध्ये हेच लेखन रूढ झालं. जुना 'झेड' वसई-गोव्याच्या पाट्यांवर अजून आहे.