वजन उचललं की उंची खुंटते का?

“मॅडम, एक विचारू का? हिची उंची खुंटणार नाही ना?”

मंडईत मेथीची जुडी निवडताना, लग्नाच्या पंगतीत, पालकसभेत गणिताच्या सरांपुढची रांग सोडून मुद्दाम माझ्यापाशी येऊन, बावीस वर्षं मला हेच विचारलं जातंय. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका. शाळेच्या मागं, पूर्वी मोडकी बाकं टाकायची त्या खोलीत, आमचे दोन बार आहेत, म्हणजे वजनाचे लोखंडी दांडे, त्यांना लावायच्या थोड्या प्लेटा, बार ठेवायचा एक रॅक आणि पावसाळ्यात कुबट वास मारणाऱ्या रबरी मॅट. आठवीपासूनची मुलं-मुली येतात. मुलग्यांच्या घरचे विचारतात, दंड कधी दिसायला लागतील? मुलींच्या घरचे उंचीचं विचारतात.

मागं एकदा एका मुलीचे आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, दोन्ही कान मोडलेले, म्हणजे जुने पैलवान हे वेगळं सांगायला नको. “बाई, पोरीनं वजन उचललं की ती बुटकीच राहती म्हणत्यात.” मी विचारलं, “तुम्ही तालमीत कितव्या वर्षी गेलात?” म्हणाले, “धाव्या.” जोर, बैठका, सपाट्या, पुढं मुदगल, आणि थोराड पोराला खांद्यावर बसवून बैठका. हे सगळं मला सांगणारा माणूस आमच्या खोलीच्या दारातून वाकून आत आला होता. मी नुसती त्या दाराच्या चौकटीकडं बघितलं. आजोबा हसले, पण उत्तर घेतल्याशिवाय हलले नाहीत. तुम्हीही हलणार नाही, म्हणून नीट लिहिते.

नाही. नीट शिकवून, कुणाच्या तरी देखरेखीखाली वजन उचललं तर उंची खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनंही आपल्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलंय. मग ही भीती आली कुठून? वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कुर्चेचा थर असतो, डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते तिथं. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या वर्षी आणि मुलांत त्यानंतर दोनेक वर्षांनी तो थर भरून येऊन हाड होतो आणि उंची थांबते. त्या थराला जबर मार बसला तर वाढीत खोट येऊ शकते, हे खरं. पण असा मार सायकलवरून पडून बसतो, आंब्याच्या झाडावरून पडून बसतो. खो-खोत खांबाला सूर मारून अंग टाकणाऱ्या मुलीच्या हाडांवर क्षणभर जो भार येतो, तो पंधरा किलोच्या बारनं कधीच येत नाही. खो-खोनं उंची खुंटते का, असं मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही.

दप्तराचंही तसंच. २०२० च्या केंद्राच्या धोरणाप्रमाणं दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे पस्तीस किलोच्या मुलीला साडेतीन किलो. एकदा सहज एका सातवीतल्या पोरीचं दप्तर आमच्या काट्यावर ठेवलं. सात किलो दोनशे ग्रॅम! तेही एकाच खांद्यावर, रोज, दोन जिने चढून.

भीतीचं दुसरं कारण टीव्ही. वेटलिफ्टर मीराबाई चानूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य जिंकलं, तेव्हा सगळ्या देशानं तिला पाहिलं, आणि ती पाच फुटांच्या आसपासची आहे हेही पाहिलं. लोकांनी हिशेब उलटा मांडला. बुटक्या माणसाला बार कमी उंचीपर्यंत न्यावा लागतो, म्हणून हलक्या वजनगटांत आखूड बांध्याची माणसं टिकतात. बास्केटबॉल खेळून कुणी उंच होत नाही, उंच पोरं बास्केटबॉलला जातात, त्यातलीच गत. त्याच टोकियोत सगळ्यांत जड गटात जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं ४८८ किलो उचलले. तो साडेसहा फुटांचा आहे.

आता तुम्ही ‘वजन’ म्हणता तेव्हा नेमकं काय म्हणता, हा माझा उलट प्रश्न. ‘जिमला घालू का’ या तीन शब्दांत पालक चार वेगळ्या गोष्टी कोंबतात. वेटलिफ्टिंग हा ऑलिंपिकमधला खेळ. त्यात दोनच प्रकार. स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. पॉवरलिफ्टिंग वेगळं, त्यात स्क्वॉट म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक, बेंच प्रेस म्हणजे उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं, आणि डेडलिफ्ट म्हणजे बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं. बॉडीबिल्डिंगमध्ये किती उचललं हे कुणी विचारत नाही, अंग कसं दिसतं ते बघतात. आणि चौथं, आमच्या खोलीत जे चालतं ते: वेट ट्रेनिंग. कबड्डी, धावणं, भालाफेक, जो काही खेळ असेल त्यासाठी अंगात ताकद आणणं. आजोबांच्या जोर-बैठकाही यातच येतात, फक्त तिथं वजन आपलं स्वतःचंच असतं.

आमच्याकडं पहिले सहा आठवडे प्लेट नाही. बारही नाही. प्लंबरकडून आणलेला पाऊण इंची पीव्हीसी पाइप. तो डोक्यावर धरून स्क्वॉट करायचा. पोरं वैतागतात. गेल्या जूनमध्ये नववीतली एक मुलगी पहिल्यांदा उभी राहिली. पाय खांद्याएवढे रुंद, पाइप वर, आणि खाली बसताना दोन्ही गुडघे एकमेकांना भेटायला निघाले. टाचा उचलल्या. पाइप पुढं झुकला. मी तिच्या गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला माझे तळवे धरले आणि म्हटलं, “माझे हात ढकल.” गुडघे बाहेर गेले, टाचा टेकल्या, पाठ आपोआप सरळ झाली. ती खाली बसल्या बसल्याच म्हणाली, “अय्या, हे तर बसायला सोपं आहे!” वरून बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. माझी अर्धी नोकरी याच कामात गेली.

मग शब्द येतात. एकदा खाली जाऊन वर आलं की एक रेप. न थांबता दहा-बारा रेप झाले की एक सेट. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं बसायचं, मोबाइल न बघता. वयात यायच्या आधीच्या मुलांना आठ ते पंधरा रेप जमतील एवढंच वजन, आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवस आड. पंधरा रेप नीट निघाले तरच वजन वाढवायचं, तेही फार तर १० टक्के. आमची सगळ्यांत लहान प्लेट अर्ध्या किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एक किलो वाढतो. या वयात ताकद येते ती स्नायू फुगून नाही, मेंदू आणि नसा त्याच स्नायूंना कामाला लावायला शिकतात म्हणून. दंड दिसत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या बापांना मी हे दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी ते पावडरचं विचारतात. पावडर नको. अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे पुरतात.

खोलीचे नियम भिंतीवर लिहिलेत, पण खरा नियम एकच आहे: फॉर्म, म्हणजे उचलायची शिकवलेली ढब, मोडला की सेट संपला. आठवा रेप वाकडा गेला तर नववा नाही, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. बाकीचे नियम अपघातातून आलेत. उदाहरणार्थ, रॅकवरच्या बारच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा काढायच्या नाहीत. एका दिवट्यानं काढल्या. दुसऱ्या बाजूनं बार सी-सॉसारखा उलटला, मोकळं टोक ट्यूबलाइटला लागलं आणि चाळीस मिनिटं आम्ही काचा वेचत होतो. बारच्या टोकांना कॉलर, म्हणजे प्लेटा घसरू न देणारी कडी, घट्ट केल्याशिवाय हात लावायचा नाही. चपला घालून यायचं नाही. आणि सोळाच्या आतल्या कुणीही ‘मॅक्स’ काढायचा नाही. मॅक्स म्हणजे एकदाच, कसाबसा, जास्तीत जास्त किती उचलता येतं ते. पोरांची बढाई सगळी त्यावर. दुखापतींची सुरुवातही बहुतेक वेळा तिथूनच, त्यातही मी खोलीत नसताना.

तुम्ही म्हणाल, मग वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत दुसरं काय असतं? बरोबर. तिथं सगळा खेळच मॅक्सचा. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न, दोन्हींतल्या सर्वोत्तमांची बेरीज, तीन पंच, पांढरा दिवा की लाल. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचला ११३ आणि क्लीन अँड जर्कला १३५ असे २४८ किलो केले. सोनं २४९ ला गेलं. दुसऱ्या जर्कला त्याचं कोपर दुखावलं होतं, तरी तो तिसऱ्याला उभा राहिला. त्या एका किलोवर आमच्या खोलीत महिनाभर वाद चालला होता. स्पर्धेला जाणाऱ्या मुलांना मीही जड वजनाला नेते, पण दोन वर्षं पाइप, बार आणि वही झाल्यावर. आणि खरं सांगायचं तर पन्नासातलं एखादंच तिथवर जातं.

उंचीबद्दल विचारता म्हणून सांगते, मला भीती बारची नाही. वजनकाट्याची आहे.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, तालुक्यापासून राष्ट्रीयपर्यंत. कुस्ती, ज्युदो, वेटलिफ्टिंग यांत वजनगट असतात. कबड्डीतही लहान गटांना वजनाची अट असते. मी नोकरीत नवी होते. आमचा सगळ्यांत चपळ चढाईपटू जिल्हा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी काट्यावर उभा राहिला, तर दीड किलो जास्त. मी त्याला जेवू दिलं नाही. पाणीही बंद. पहाटे दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तोंडात लिंबाची फोड, सारखं थुंकायला सांगितलं. तेव्हा सगळेच असं करायचे, हे मी स्वतःला पुढं कितीतरी वर्षं सांगत होते. सकाळी वजन बसलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या डावात त्याची चढाई आली. तो बोनस रेषेपर्यंत गेला, मला त्याचा दम ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि मग मधेच तो तुटला. कुणी हात लावला नव्हता. तो समोरच्यांच्या अंगणात हळूच खाली बसला, जणू थकून पारावर बसावं तसा, आणि आडवा झाला. त्याला उचलून बाहेर आणलं ते समोरच्या संघातल्या पोरांनी. सलाइन लागलं, संध्याकाळी तो हसत होता. त्याच्या आईनं मला काहीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली, त्या आठवड्यात खूप पालकांनी मला फोन केले. सगळ्यांना १०० ग्रॅमचं वाईट वाटत होतं. मला ती आदली रात्र डोळ्यांपुढं येत होती. विनेश निदान मोठी होती, तिच्याभोवती डॉक्टर होते. तेरा-चौदाच्या पोराभोवती मी होते, लिंबाची फोड घेऊन. वाढत्या वयात महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलं तर त्यानं खरंच वाढ मंदावते. मुलींची पाळी लांबते, बंदही होते. अजूनही काही मुली गट गाठायला रात्रीची भाकरी सोडतात आणि घरी सांगतात, मॅडमनी सांगितलंय. मी नाही सांगितलेलं. वजन गटात बसत नसेल तर मी मुलाला वरच्या गटात खेळवते. तिथं हरतं बऱ्याचदा. हरू दे.

मग कितव्या वर्षी पाठवायचं? माझी कसोटी वयाची नाही. सात-आठ वर्षांचं मूलही स्वतःच्या अंगाच्या वजनावर व्यायाम करू शकतं, जर ते सांगितलेलं ऐकत असेल तर. ‘थांब’ म्हटल्यावर थांबतं का? ‘पुन्हा कर’ म्हटल्यावर तोंड न वाकडं करता पुन्हा करतं का? घरी चप्पल जागेवर ठेवतं का, असं मी एका बापाला विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, मीच ठेवत नाही.” त्याच्या पोराला अजून घेतलेलं नाही.

आजोबांची नात मात्र येते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शाळा सुटल्यावर साडेपाचला. तुमचीही पाठवा. बूट हवेत, पाण्याची बाटली हवी, आणि दुपारी डबा खाल्लेला हवा, तो मी विचारते. पहिले सहा आठवडे पाइपच मिळेल. त्याचा राग येऊन मुलीला परत न्यायचं असेल, तर कृपा करून सातव्या आठवड्यात न्या.