तिचा श्वास दिसतो

शनिवार, रात्री साडेअकरा

इटालियन संगीतकार व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा आज एका बैठकीत पाहिला. साल्झबुर्ग महोत्सवात २००५ साली भरल्या प्रेक्षागृहात झालेल्या प्रयोगाचं चित्रीकरण. दिग्दर्शक विली डेकर यांनी रंगमंच जवळजवळ रिकामाच ठेवलाय : पांढरी वक्राकार भिंत, भलंमोठं घड्याळ, थोडे सोफे आणि लाल झग्यातली नायिका व्हिओलेत्ता. घड्याळ जरा जास्तच बोलकं आहे, एवढी माझी तक्रार.

पण कॅमेरा! वरच्या सज्जात बसले असते तर व्हिओलेत्ता गाणाऱ्या आना नेत्रेब्कोचा फक्त आवाज पोचला असता. इथे सूर लावण्याआधी तिची छाती भरताना दिसते. व्हिओलेत्ता क्षयानं मरतेय आणि तिला गायला मात्र छाती भरून श्वास हवा. ही गोम व्हेनिसच्या पहिल्याच प्रयोगात, १८५३ साली, नडली होती. धष्टपुष्ट नायिका क्षयानं मरतेय हे पाहून लोक चक्क हसले. 'चूक माझी की गायकांची, ते काळ ठरवेल', अशा अर्थाचं व्हेर्दीनं लगेच लिहून कळवलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच शहरात ऑपेरा गाजला.

व्हिओलेत्ताच्या प्रियकराच्या, आल्फ्रेदोच्या, बापाचा, जेर्मोंचा, मला भयंकर राग येतो. घराण्याच्या अब्रूसाठी, स्वतःच्या मुलीचं लग्न मोडू नये म्हणून, हा व्हिओलेत्ताकडून आल्फ्रेदोला सोडण्याचा त्याग उकळतो. वर व्हेर्दीनं त्याला चाल दिलीय किती गोड! हेही चीड आणणारंच.

शेवटच्या अंकात त्याचंच पत्र येतं. आल्फ्रेदो परत येतोय, मीही येतोय, तब्येत जपा. हे ती गात नाही, नुसतं वाचते. मागे एकटं व्हायोलिन पहिल्या अंकातली प्रेमाची धून वाजवतं. इतका वेळ जिचं गाणं ऐकलं, ती अचानक साध्या बोलण्यावर येते तेव्हा पोटात कालवतं. पत्र संपतं आणि ती ओरडते, 'ए तार्दी!' उशीर झाला. तेवढाच भाग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. सबटायटलं बंद करूनसुद्धा.

मग आल्फ्रेदो येतो, माफी होते, दुखणं थांबल्यासारखं वाटून ती उठते आणि कोसळते. टाळ्या सुरू झाल्या तशी मी स्क्रीन बंद केली. ती उठून हसत नमस्कार करणार, ते इतक्यात बघायचं नव्हतं.