फुटबॉल रेफ्रीगिरी अपडेट : मॅच 23 ते 27

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की शिट्टी तोंडाला लावताना हात थरथरतो. आता हात थरथरत नाही, पोटात गोळा मात्र येतोच, त्यात मॅच कोल्हापुरात, म्हणजे कठड्यावर बसलेल्या आजोबांपासून चहावाल्यापर्यंत सगळेच रेफ्री, मीच काय तो प्रेक्षक.

23, 24 शाळेच्या पोरांच्या, निवांत झाल्या. 25 ला माती खाल्ली. एक थ्रो-इन (बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं) उलटा, म्हणजे चुकीच्या टीमला दिला, लगेच कळलं पण खेळ सुरू झाला होता, मग पुढची पाच मिनिटं डोक्यात तेच आणि नकळत ज्यांचा थ्रो-इन गेला त्या टीमला एक फुकटची फ्रीकिक देऊन टाकली. भरपाई! घरी येऊन विचार केला तेव्हा चुकलेल्या थ्रो-इनपेक्षा ही भरपाईच जास्त टोचली, कारण एका चुकीच्या दोन झाल्या आणि दुसरी मी भिऊन केलेली.

26 पावसानं गेली, शिट्टी खिशातच.

27 अंडर-14. बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) बॉल डिफेंडरला लागला, दहा पोरं एकदम "हँड" म्हणून ओरडली आणि मी पेनल्टी दिली. होतो कुठं, तर सेंटर सर्कलमध्ये! लाइनवरच्या असिस्टंट रेफ्रीकडं बघितलं तर तो खांद्यावर हात ठेवून दाखवतोय. काखेच्या खालच्या रेषेच्या वरचा भाग हँडबॉलसाठी हात धरत नाहीत, त्यामुळं पेनल्टी बसतच नव्हती. किक व्हायची होती, आणि खेळ परत सुरू व्हायच्या आत निर्णय बदलता येतो हे फुटबॉलच्या नियम 5 मध्ये स्पष्ट आहे (इतके दिवस मला वाटायचं बदलला की इज्जत गेली). बदलला, गोलकिपरला ड्रॉप बॉल दिला (रेफ्री बॉल खाली सोडतो आणि खेळ परत सुरू). बाहेरून आवाज, "फिरवाफिरवीच करायची तर शिट्टी कशाला घेतलीस रे?"

दहा मिनिटांनी, ज्यांची पेनल्टी गेली त्याच टीमचा पोरगा बॉक्समध्ये पडला. यावेळी मी आठ-दहा पावलांवर, डिफेंडरचा पाय आधी बॉलला लागलेला स्वच्छ दिसला, हातानं "खेळा" केलं. ओरडले, पण लगेच गप्प झाले, एकजण तर म्हणाला "जवळ होता की तो".

2010 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलँड्सच्या डी जाँगनं स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर लाथ घातली आणि रेफ्री हॉवर्ड वेबनं यलो दिलं. रेड पाहिजे होतं हे त्यानंच नंतर कबूल केलं, समोर माणूस आडवा आला होता म्हणे. एवढ्या मोठ्या रेफ्रीचं हे, तर मी चाळीस यार्डावरनं काय दिवे लावणार? म्हणून शिट्टी कडक वाजवायची प्रॅक्टिस बंद, सकाळी स्प्रिंट सुरू, आणि डायगोनल (मैदानाची तिरकी रेघ) धरून पळायचं, बॉलच्या मागं गोल गोल नाही.

मॅच 28 ला नवीन आठ सेकंदांचा नियम (गोलकिपरनं बॉल हातात त्याहून जास्त धरायचा नाही), गोलकिपरसमोर हात वर करून शेवटचे पाच मोजायचे. आरशासमोर करून बघतोय, बायको हसते.