मरणपंथाला लागलेल्या डिस्कची इमेज: माझा अनुभव

लॅपटॉपमधून काढलेली २.५ इंची, १ टीबीची डिस्क. तिची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढायची होती. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ नंबरचा आकडा, म्हणजे पेंडिंग सेक्टर, नीट वाचता न येणारे डिस्कचे छोटे तुकडे, वाढत चालला होता. अशा डिस्कवर चेकडिस्क, ही विंडोजची डिस्क दुरुस्तीची कमांड, अजिबात चालवू नका. दुरुस्ती करता करता ती त्याच डिस्कवर लिहीत सुटते. टक-टक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करून क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडे द्या. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

आधी यूएसबी केसमध्ये घातलेली डिस्क तिथून काढून थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली. खराब सेक्टर आला की केसमधली चिप अडकते आणि डिस्कच गायब होते. केबल तापकीर गल्लीतून नवी आणली. डिस्कवर छोटा पंखा सोडला, पुण्यातल्या मे महिन्यात तो हवाच. इमेजसाठी २ टीबीची डिस्क एक्स्ट-४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतली. फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं टूल चालवलं. त्याआधी दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर स्टिकरशी ताडून पाहिले, कारण नावांची अदलाबदल झाली तर सगळंच पुसलं जातं. पहिल्या फेरीला ‘डी’ आणि ‘एन’ हे पर्याय: कॅश टाळून थेट वाचायचं आणि अडेल भाग खरवडत बसायचं नाही. चांगला भाग आधी हाती लागला पाहिजे. मॅपफाइल, म्हणजे कुठला भाग वाचला आणि कुठला राहिला याची नोंद, इमेजशेजारीच ठेवली. लाइव्ह सिस्टिमचं होम फोल्डर रॅममध्ये असतं. वळवाच्या पावसात लाईट गेली की तेही गेलं. मॅपफाइल शाबूत असेल तर तीच कमांड पुन्हा दिल्यावर काम थांबलं तिथून पुढे चालतं.

धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तर १ टीबीला साधारण तीन तास लागतात. इथे वेग मध्येच केबीवर यायचा. उरलेल्या भागासाठी मग ‘आर ३’, म्हणजे तीनदा पुन्हा प्रयत्न, आणि कॅपिटल ‘आर’ देऊन शेवटाकडून उलटं वाचन. उलट्या फेरीत कधीकधी अडलेला भागही हाती लागतो.

मूळ डिस्क काढून ठेवली. इमेज रीड-ओन्ली केली आणि क्यूइमू-इमेज या टूलने तिच्यावर क्यूकाउ-२ ओव्हरले बनवला, म्हणजे फक्त बदल साठवणारी वेगळी फाइल; मूळ इमेज तशीच राहते. व्हर्च्युअल मशीनला (संगणकात चालणारा आभासी संगणक) दुसरी डिस्क म्हणून तो जोडला की चेकडिस्क बिनधास्त चालवता येते. बिघडलं तर ओव्हरले डिलीट करून क्षणात नवा करायचा. मात्र ओव्हरले असताना खालच्या इमेजला हात लावायचा नाही, नाहीतर दोन्हींचा मेळ बसत नाही. कुठल्या फाइल फाटल्या हे शोधायला इमेजची वेगळी प्रत घेतली, डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने न वाचलेल्या जागी ठरावीक मजकूर भरला आणि तो ज्या फाइलमध्ये सापडला त्यांची यादी केली.