तुम्ही विचारलंत म्हणून: हॉकीचा क्लब काढायला काय लागतं?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या लाइनीत विचारलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरने मी तोंड उघडून पडलेलो असताना विचारलाय. त्यांना वाटतं मी मैदान, पैसा, स्पॉन्सर असं काहीतरी सांगेन. माझं उत्तर एकच, गोलकीपर.

आता आम्ही खडकीचे. त्यामुळे हॉकी खेळतो म्हटलं की समोरचा लगेच, अच्छा म्हणजे धनराज पिल्लेच्या गावचे! हो, तिथलेच. त्याच्याही कितीतरी आधी १९३६ ला ध्यानचंदच्या टीममधून बर्लिनला सोनं जिंकलेले बाबू निमल पण इथलेच. पण गल्लीतल्या प्रत्येक पोराला धनराजच व्हायचं असतं ना, म्हणजे फॉरवर्ड, बॉल घेऊन सुसाट पळायचं आणि केस उडवायचे. गोलात उभं राहायला कोण येतंय? मी स्वतः वीस वर्षं लेफ्ट इन, म्हणजे फॉरवर्ड लाइनीत डावीकडे, खेळलो, बरा होतो, बरा म्हणजे कंपनीच्या टीममध्ये बाराव्या नंबरला खपून जाण्याइतका.

क्लब रजिस्टर करायला गेलो तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात कळलं की कागदावर संस्था काढायला सात माणसं लागतात. सात मिळाली, त्यातल्या दोघांनी आयुष्यात स्टिक धरली नव्हती, एक तर माझा मेव्हणाच होता. मैदानावर मात्र अकरा लागतात आणि अकरावा कधीच मिळत नाही. नियमाने कीपरशिवाय अकराही फील्ड प्लेयर उतरवता येतात हे खरंय, पण समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर (फाउलबद्दल गोलावर हल्ल्याची संधी) मिळाला आणि साधारण १६० ग्रॅमचा दगडासारखा बॉल ड्रॅग फ्लिकने, म्हणजे स्टिकने ओढून भिरकावलेला, छातीच्या उंचीवर आला की नियम बियम कोणाला आठवत नाही, सगळे बाजूला होतात.

त्यात किट. हेल्मेट, चेस्ट गार्ड, पॅड, बुटांवरचे किकर्स, दोन्ही हातांचे प्रोटेक्टर, हे सगळं फोमचं आणि महाग. आम्ही लहान होतो तेव्हा कीपर क्रिकेटसारखे कापसाचे पॅड बांधायचा, पावसात भिजले की बिचाऱ्याला पाय उचलवायचा नाही. क्लबचं पहिलं किट मी पीएफमधून पैसे काढून सेकंडहँड घेतलं, घरी सांगितलं सोसायटीचा मेंटेनन्स भरला. (पकडला गेलो. तो विषय वेगळा.) आणि किट आलं तरी घालणारा नाही म्हणून बेचाळीसाव्या वर्षी मीच घातलं. पहिल्या मॅचला सात गोल खाल्ले.

मग एक पोरगा आला, डावखुरा. हॉकीत डावरी स्टिक नसतेच, सगळ्या स्टिकांची सपाट बाजू एकाच बाजूला, त्यामुळे बाहेर हा बिचारा धडपडायचा आणि बाकीची पोरं हसायची. एक दिवस गंमत म्हणून त्याला गोलात उभा केला. कीपरची स्टिक उजव्या हातात असते आणि बॉल अडवायचा डाव्या हाताच्या प्रोटेक्टरने, आणि याचा डावा हात म्हणजे मांजर झेप घेतं तसा! मुरमाच्या मैदानावर बॉल कसाही उडतो, तरी हा घ्यायचा. पिंपरीला नेहरूनगरच्या पॉलिग्रासवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, सर इथं बॉल सरळ येतो, मजा नाही.

सहा वर्षं मी निवांत बाहेर उभा राहून ओरडायचो.

मागच्या वर्षी त्याला हिंजवडीला नोकरी लागली, शिफ्ट ड्युटी, रविवारी येतो कधी, नाही कधी. किटची बॅग परत माझ्या गॅलरीत आलीय, वास इतका मारतो की बायकोने तुळस दुसऱ्या खिडकीत हलवली. रविवारी सकाळी सातला मॅच आहे आणि त्याचा अजून मेसेज नाही.