तुम्ही विचारलंत म्हणून: उंदरावरून मुलाच्या मेंदूचं काय कळतं?

पीकेयू या जन्मजात आजारात फिनाइलअ‍ॅलनीन हे प्रथिनांतलं अमिनो आम्ल मोडणारं यकृतातलं एन्झाइम चालत नाही, ते रक्तात साठतं आणि मेंदूला बाधतं. अशा मुलांचे आईबाबा हे विचारतात. कमी फिनाइलअ‍ॅलनीनचा आहार १९५३ पासून माहीत आहे, मग उंदीर कशाला? शंका रास्त आहे. एकदा चूक झालेली आहे.

१९६०च्या दशकात रॅटना पॅराक्लोरोफिनाइलअ‍ॅलनीन टोचून, वर फिनाइलअ‍ॅलनीन देऊन पीकेयू घडवत. यकृतातलं ते एन्झाइम बंद पडे, रक्तातली फिनाइलअ‍ॅलनीनची पातळी चढे, आकडे रुग्णासारखे दिसत. पण तेच रसायन ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेजही बंद पाडतं, म्हणजे मेंदूत सेरोटोनिन हे संदेश पोचवणारं रसायन बनणंच थांबतं. खऱ्या आजारातही सेरोटोनिन घटतं, पण वाट निराळी: अशी अमिनो आम्लं मेंदूत नेणारं वाहक-प्रथिन एकच, त्यावर फिनाइलअ‍ॅलनीनची गर्दी, आणि सेरोटोनिनचा कच्चा माल ट्रिप्टोफॅन, तसंच टायरोसीन, ही इतर अमिनो आम्लं बाहेर ताटकळतात. मग रॅट शिकण्यात मागे पडला, तर दोष आजाराचा की टोचलेल्या रसायनाचा? त्या नोंदींतून हे वेगळं काढता येत नाही. रक्ताचा आकडा जुळला की मॉडेल जुळलं, असं मीही मानत असे. ते चूक होतं.

१९९३ सालचा विस्कॉन्सिनचा ईएनयू-२ नावाचा, जनुकातच पीकेयूचा दोष असलेला उंदीर म्हणूनच मोलाचा. त्याच्या एन्झाइममध्ये २६३व्या जागी फिनाइलअ‍ॅलनीनऐवजी सेरीन आहे. बाहेरून काही टोचावं लागत नाही. साध्या खाद्यावर रक्तात साधारण १००० ते २००० मायक्रोमोल प्रतिलिटर पातळी राहते. पैदाशीसाठी नर बाधित, मादी मात्र वाहक, म्हणजे दोषी जनुकाची एकच प्रत असलेली पण स्वतः निरोगी, घ्यायची. बाधित मादीच्या रक्तातलं फिनाइलअ‍ॅलनीन गर्भालाच बाधतं, पिल्लं जगत नाहीत. वाहक आईची बाधित पिल्लं धड जन्मतात, पातळी नंतर चढते, अगदी तुमच्या बाळासारखी.

फसगत इथेही होतेच. फिनाइलअ‍ॅलनीन नसलेलं कृत्रिम खाद्य उंदराला रुचलं नाही, तर वजन उतरतं, स्नायूंतली प्रथिनं मोडतात आणि पातळी उलट वाढते. आहार निकामी ठरवण्याआधी वजनाची वही बघा. पाण्याच्या चक्रव्यूहात, म्हणजे पाण्याखाली लपलेला फलाट पोहत, आठवून शोधायला लावणाऱ्या चाचणीत, आधी दिसणारा फलाट ठेवा. तोही गाठता आला नाही, तर अडचण पोहण्याची किंवा नजरेची असू शकते, त्या चाचणीवरून स्मरणाबद्दल बोलू नये. तुलनेला त्याच विणीतली वाहक भावंडं हवीत, कारण वंश बदलला की वागणूकही बदलते.

तुमचं मूल वर्गात का रेंगाळतं, हे उंदीर सांगत नाही, मान्य. पण त्या वाहक-प्रथिनावरची गर्दी कमी केली तर मेंदूत टायरोसीन किती वाढतं, हे मेंदूच्या ऊतीत मोजावं लागतं, आणि ते तुमच्या बाळात मोजता येणार नाही. एवढ्यानं उंदराचा जीव घेणं योग्य ठरतं का, याचं पक्कं उत्तर अजून माझ्याजवळ नाही.