उजेडावरची शेती

मागच्या वर्षी सप्टेंबर संपत आला तेव्हा माझा पावट्याचा वेल बांबूचा मांडव ओलांडून शेजारच्या पायवाटेवर उतरला होता. पानं तळहाताएवढी, हिरवीगार, किडीचा मागमूस नाही. फूल मात्र एक नाही. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती साताऱ्यातून एका नजरेत निकाल देऊन मोकळी झाली, "खत जास्त झालंय. माजलाय तो."

पलीकडच्या तुकड्यावर मेथी काढत बसलेल्या गुजराती आजींनी, म्हणजे बांनी, मान वर न करता वेगळंच निदान केलं. "बेटा, एने रात जोईए." त्याला रात्र हवी आहे.

लेस्टरला येऊन आता सहा वर्षं झाली. इंग्लंडमधल्या पावसाबद्दल इतकं ऐकलं होतं की पहिल्या वर्षी मी तीन छत्र्या आणल्या. प्रत्यक्षात इथे वर्षभरात मिळून ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस. आपल्या महाबळेश्वरला एकट्या जुलैत याच्या कितीतरी पट पडतो. इथला पाऊस पडत नाही, झिमझिमत राहतो, आणि त्याच्यासाठी कुणी पेरणी थांबवत नाही. आईच्या डोक्यात रोहिणी, मृग, आर्द्रा अशी पेरणीची यादी पक्की आहे. ती मला अजून विचारते, "तुमच्याकडे मृग कधी लागतो?" काय सांगू? इथे सगळं उजेडावर चालतं. जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं आणि रात्री साडेनऊला सूर्य मावळतो, म्हणजे जवळजवळ सतरा तासांचा दिवस. डिसेंबरात तोच दिवस साडेसात-पावणेआठ तासांवर येतो, दुपारी चारच्या आत दिवे लावायचे. साताऱ्यात सगळ्यांत मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा पुढे आणि सगळ्यांत लहान अकराच्या आसपास, त्यामुळे हा हिशेब करायची वेळच कधी आली नव्हती.

माझी जमीन म्हणजे ‘अलॉटमेंट’. गावाच्या कडेला मोठं रान, त्याचे तुकडे पाडून नागरिकांना वर्षाच्या भाड्यानं भाजीपाल्यासाठी दिलेले. याचा कायदा १९०८ चा आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई आली तेव्हा सरकारनंच लोकांना कुदळ हातात घ्यायला लावली होती. मोजमाप अजूनही ‘रॉड’मध्ये. पूर्ण तुकडा दहा रॉडचा. करारावर हा आकडा वाचून मी बुचकळ्यात पडले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर काय, एकरात १६० रॉड आणि ४० गुंठे, म्हणजे चार रॉडचा एक गुंठा! दहा रॉड बरोबर अडीच गुंठे. माझ्याकडे अर्धा तुकडा आहे. आजोबांची जमीन वाटण्यांमध्ये गुंठ्यांवर आली म्हणून घरात किती हळहळ झाली होती, आणि त्यांची नात लेस्टरमध्ये सव्वा गुंठ्याची शेतकरीण होऊन गावभर मिरवते.

बांचा तुकडा पूर्ण आहे, चाळीसएक वर्षांपासून. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा त्या कंपालाहून आल्या. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. बा ही गोष्ट सांगताना दरवेळी हसतात, "अरे, येऊ नका म्हणाले म्हणून तर गावाचं नाव कळलं!" आज बेलग्रेव्ह रोडवर त्याच लोकांची मिठाईची, साड्यांची, सोन्याची दुकानं आहेत. माझे पावटेही तिथल्याच किराणा दुकानातले, उसळीसाठी आणलेल्यांतले मूठभर. (भारतातून येताना पर्समध्ये बी घालून आणू नका. लागवडीच्या बियाण्याला तिकडच्या कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं.)

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो. तेव्हा झाडं मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. पालक डिसेंबरात जेवढा दिसला तेवढाच जानेवारीत. पहिल्या हिवाळ्यात माझंही तसंच झालं होतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

फेब्रुवारीत अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे मांडून खिडकीत ठेवायचे, डोळे वरच्या बाजूला. त्यांना आखूड, जाड कोंब फुटले की मगच जमिनीत. बटाटा गुड फ्रायडेला लावायचा अशी इथल्या जुन्या लोकांची पद्धत. पण गुड फ्रायडे चंद्रावर ठरतो, कधी मार्चच्या विशीत, कधी एप्रिलच्या विशीत. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला प्रथमच या देशाबद्दल आपुलकी वाटली. "मग तिथीच की ती!"

त्याच दिवसांत रुबार्ब वर येतो. जाड, लालसर देठ, आंबटढाण. पानं विषारी असतात, ती थेट खताच्या ढिगावर. इथले लोक देठांत साखर घालून गोड पदार्थ करतात. मी मेथांबा करते. मोहरी-मेथीची फोडणी, गूळ, तिखट. कैरीची सर येत नाही, पण मार्चमध्ये इथे कैरी महाग आणि रुबार्ब फुकट. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, भारताशी अंतर साडेचार तासांवर येतं आणि आईला फोन करायला माझ्या कामानंतर जराशी फट मिळते.

मे महिना फसवा. दुपारी इतकं सुरेख ऊन पडतं की टोमॅटोची रोपं बाहेर लावायचा मोह होतोच. दुसऱ्या वर्षी मी एक तारखेलाच लावली. सहा तारखेच्या पहाटे दहिवर गोठलं आणि एकूण एक रोप उकडलेल्या पालकासारखं काळपट होऊन आडवं झालं. या भागात मेच्या मध्यापर्यंत धीर धरायचा असतो, तोवर मोह आवरायला सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं. आम्ही स्विथलंड वुडला जातो. ओक-बर्चच्या झाडांखाली निळ्याजांभळ्या ब्लूबेलचा गालिचा पसरलेला असतो. झाडांची पानं पूर्ण उघडून सावली पडायच्या आत या फुलांना आपलं सगळं आटपायचं असतं. म्हणजे तिथेही उजेडाचीच शर्यत.

जूनमध्ये कोथिंबीर माझा अंत पाहते. पेरायची, चार बोटं वाढते न वाढते तोच फुलोऱ्यावर येते. दिवस मोठा झाला की तिला वाटतं, आता संपलं, बी धरा. पालकाचंही तेच. आता मी कोथिंबीर एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरते, आणि मधले दोन महिने बेलग्रेव्ह रोडवरून जुडी आणते. कांद्याचा तर हिशेबच निराळा. नाशिककडच्या जाती बारा तासांच्या आसपासच्या दिवसांत गड्डा धरतात. इथे लावल्या तर वसंतातच, पात जेमतेम असताना, गड्डा धरतील आणि लिंबाएवढ्यावर थांबतील. इथल्या जाती चौदा-सोळा तासांच्या दिवसाची वाट बघतात. कांद्याला घड्याळ असतं हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

उन्हाळ्यात एखाद्या रविवारी रटलंड वॉटरला जातो. १९७० च्या दशकात धरण बांधून झालेला हा तलाव. नेदर हॅम्बल्टन नावाचं गाव त्यात बुडालं, आणि काठावरचं नॉर्मंटनचं चर्च तेवढं वाचवलं. निम्मं भरावात गेलेलं, तीन बाजूंनी पाणी. लोक तिथे फोटो काढतात, लग्नं लावतात. मला मात्र आईच्या आजोळची आठवण येते. कोयनेच्या शिवसागरात गेलेलं गाव ते. त्याचं देऊळही कुणी वाचवलं नाही. तलावावर ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे मोठे शिकारी पक्षी, पश्चिम आफ्रिकेतून दर वसंतात परत येतात. १९९६ पासून पिल्लं आणून त्यांना इथे पुन्हा वसवलं. दुर्बीण घेऊन तासभर बसलं तर एखादा सूर मारताना दिसतो. आम्हाला तीनदा दिसला, चौथ्यांदा निघाला तो कावळा.

ऑगस्टमध्ये घेवडा आणि कूर्जेट (काकडीसारखी दिसणारी झुकिनी) दोन्ही एकदम अंगावर येतात. घेवडा म्हणजे इथला ‘रनर बीन’, शेंदरी फुलांचा. शिरा नीट काढल्या आणि ओलं खोबरं सढळ घातलं तर आपल्या घेवड्याच्या भाजीला तोड देतो. कूर्जेटचं मात्र काय करावं हे कुणालाच कळत नाही. फाटकापाशी ‘फुकट, घेऊन जा’ अशा टोपल्या लागतात आणि संध्याकाळी टोपली तशीच असते.

आता पुन्हा पावट्याकडे. बांचं म्हणणं मी नंतर वाचून पडताळलं. आपला पावटा रात्र लांबल्याशिवाय फुलत नाही. दिवसरात्र समान व्हायची ती सप्टेंबरच्या शेवटीच, साताऱ्यात आणि लेस्टरमध्ये एकाच वेळी. पण साताऱ्यात त्यापुढे तीन उबदार महिने असतात, इथे महिनाभरात दहिवर गोठायला लागतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या वेलाला पहिला तुरा आला, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी रात्रीत सगळा मांडव लोंबला.

"मग रात्र दे ना त्याला," बा म्हणाल्या.

यंदा एकच रोप लावलं, घराच्या मागच्या अंगणात, मोठ्या कुंडीत, शेंडा खुडून बुटकं ठेवलेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी सहाला त्यावर काळा प्लास्टिकचा डबा पालथा घालायचा आणि सकाळी आठला काढायचा. बाहेर लख्ख ऊन असतं, म्हणून कुंडी भिंतीच्या सावलीला, नाहीतर आत शिजून निघेल. एकही दिवस चुकवायचा नाही. मग काय, आमच्या सहली सहाच्या आत. ब्रॅडगेट पार्कात ओल्ड जॉनच्या मनोऱ्यापर्यंत चढून गेलो, खाली हरणांचा कळप उन्हात पहुडलेला, सोबतचे लोक म्हणाले आत्ता कुठे चार वाजलेत, थांबा की. नवरा गंभीरपणे म्हणाला, "हिला झोपवायला जायचंय." त्यांना वाटलं आम्हाला लहान बाळ आहे. आम्ही खुलासा केला नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पांढरा तुरा दिसला. आईला फोन लावला तर तिथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तिनं डोळे चोळत पाहिलं आणि म्हणाली, "आणि आता डबा घालतेस की नाही? घाल, घाल. अर्ध्यावर सोडू नकोस."

सप्टेंबरच्या मध्याला अकरा शेंगा निघाल्या. वांगं विकतचं होतं. बांसाठी वाटीभर काढून ठेवली तेव्हा आम्हा दोघांच्या ताटात प्रत्येकी नऊ-दहा दाणे आले. तीन शेंगा वेलावरच वाळवायला ठेवल्या होत्या, त्या धरल्या तर एकूण चौदा.